आप्पांची सावड

मागच्या महिन्यात आमच्या पुण्याच्या कंपनीनं सगळ्यांना एक मेल पाठवली. कामाच्या वेळा लवचीक करण्याचं धोरण, पानं चौदा. उशिरा कुणाला येता येईल, अर्ज किती दिवस आधी करावा, तो कुणी मंजूर करावा, मंजूर करणारा स्वतःच रजेवर असेल तर त्याच्या वतीनं कुणी करावा, असं सगळं त्यात होतं. पाचव्या पानावर मला जांभई आली आणि सातव्या पानावर आप्पा आठवले. हे सगळं आप्पांनी एका फळ्यावर बसवलं होतं. तो फळासुद्धा बंद पडलेल्या बालवाडीतून आणलेला. त्याच्या कोपऱ्यात तेलरंगात एक अननस काढलेला होता आणि तो कितीही पुसला तरी जायचा नाही.

आप्पांची कारेगावात पत्र्याची एक शेड होती. गाड्यांना लागणारी रबरी सीलं साच्यातून निघतात तेव्हा त्यांच्या कडेला पातळ पापुद्रा राहतो. तो बारीक कात्रीनं कापायचा, तुकडा भिंगाखाली बघायचा आणि खोक्यात भरायचा, एवढंच काम. ते जवळच्या एका मोठ्या कारखान्याकडून यायचं आणि फक्त तिथूनच यायचं. शेडमध्ये बारा टेबलं होती. डिप्लोमा झाल्यावर मी तिथं तपासनीस म्हणून लागले, ती माझी पहिली नोकरी.

मुलाखत आप्पांनी शेडच्या दारात उभ्या उभ्या घेतली. माझी प्रमाणपत्रं त्यांनी हातात घेतली आणि न उघडता परत दिली.

"घरी म्हैस हाय का?"

"नाही."

"शेती?"

"नाही. आम्ही दौंडचे. वडील रेल्वेत गार्ड होते."

"लेकरूबाळं?"

"माझं लग्न नाही झालेलं."

आप्पांचा चेहरा पडला. "म्हंजी तुला अडचणच न्हाई कसली. अवघड हाय बाई. ज्याला अडचण न्हाई त्यो दुसऱ्याच्या अडचणीवर चिडत बसतो."

तरी त्यांनी मला घेतलं. आणि ते म्हणाले होते तसंच झालं, पहिले सहा महिने मी चिडत बसले.

यात माझा काही दोष नाही, दोष घराण्याचा आहे. आमच्या घरी सगळं वेळापत्रकावर चालायचं. पाहुणा पाच मिनिटं उशिरा आला तर वडील दारातच "लेट का?" असं विचारायचे आणि कारण पटल्याशिवाय चहा मिळायचा नाही. आई गेल्यावर तर ते जास्तच कडक झाले. मी शाळेत कधी उशिरा गेले नाही आणि शाळा सुटायच्या आधी कधी निघालेही नाही. आणि इथं भिंतीवरचं एकुलतं एक घड्याळ आप्पांनी कॅलेंडरच्या मागं लपवलेलं होतं. का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "घड्याळाकडं नजर गेली की कात्री वाकडी जाती."

आप्पा तेव्हा साठीच्या आसपास असतील. शर्टाच्या खिशात नेहमी खडूचे तुकडे, त्यामुळं छातीची डावी बाजू कायम पांढरी. खिशाला तीन पेनं लावलेली असायची आणि तिन्ही चालायची नाहीत. ती कशाला बाळगता, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मालक वाटाय पायजे." न्हावऱ्याहून ते जुन्या मोटरसायकलवर पावणेसहाला यायचे, कुलूप काढायचे, आणि संध्याकाळी सगळ्यात शेवटी कुलूप लावून जायचे. मी तिथं होते तेवढ्या काळात, त्या एका गुरुवारपर्यंत, त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. जगाला मोकळीक देणारा तो माणूस स्वतः दावणीला बांधलेला होता.

आता तो फळा. त्यावर चोवीस बायकांची नावं होती, दोन-दोनच्या जोडीनं. प्रत्येक जोडीला एक टेबल. आप्पांचा कायदा एका ओळीचा होता: "टेबल दोघींचं. सकाळी सहा ते सांजच्या सहा, दोघींतली एक त्या स्टुलावर पायजे. कोण आन् कवा, ते तुमचं तुमी बघा." गावाकडं शेतात सावड करतात तसंच हे. आज तुझ्या कांद्याच्या लागणीला मी येते, परवा माझ्या खुरपणीला तू ये. मजुरी नाही, दिवसाला दिवस. आप्पांनी ती सावड उचलून कारखान्यात आणून ठेवली होती.

शनिवारी दुपारी प्रत्येकीनं आपल्या नावापुढं पुढच्या आठवड्याची अडचण लिहायची. 'सोम - लाईट दिवसा, ऊस भिजवणे.' 'मंगळ - म्हैस दाखवणे.' 'बुध - पोरीला बघायला पाहुणे (पसंत पडली तर गुरुवारपण).' कांताबाईनं एकदा 'शुक्र - सासूशी भांडण' असं लिहिलं होतं. मी ते आप्पांना दाखवलं. ते गंभीरपणे म्हणाले, "आधी सांगितलंय न्हवं? मग झालं. उद्याची सांगितली तर अडचण, कालची सांगितली तर बातमी. आपल्याला बातम्या नकोत."

शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. ती दिवसा असेल त्या आठवड्यात निम्म्या बायकांना सकाळी रानात पाणी धरायला लागायचं. म्हणून दर शनिवारी आप्पा आधी न्हावऱ्याच्या वायरमनला फोन करायचे आणि मगच आठवड्याचं काम ठरवायचे. त्या वायरमनला दिवाळीला मिठाईचा पुडा जायचा. मला एक डायरी मिळाली, तीही मागच्या वर्षीची.

माझं नाव फळ्याच्या तळाशी, अननसाच्या शेजारी होतं, आणि त्यापुढचा रकाना कायम कोरा. आप्पांना त्याचा फार त्रास व्हायचा. दर शनिवारी खडू पुढं करून ते विचारायचे, "काय लिवू?"

"काही नाही."

"खोटं बोलतीस. अडचण न्हाई असा माणूस अजून जल्माला यायचाय."

"मग तुमचं नाव का नाही फळ्यावर?"

"मी मालक हाय," असं म्हणून ते खिशातली पेनं सारखी करायचे.

हे वेड त्यांच्या डोक्यात कसं शिरलं, हे त्यांनी मला एकदा जेवताना सांगितलं. तरुणपणी ते एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. एके दिवशी चार मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांना फाटकातून आत घेतलं नाही. घरी परत गेले तर बायको विचारणार, म्हणून ते फाटकासमोर लिंबाखाली पाळी सुटेपर्यंत बसून राहिले. "आठ तास बसलो बघ. कंपनीला माझी चार मिनिटं गेली त्याचा राग, आन् आठ तास घालवले त्याचं काय न्हाई. तवाच म्हनलं, एवढी मोठी कंपनी आन् डोकं एवढंसं!" हे सांगताना ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मला लागून दहा महिने झाले तेव्हा मोठ्या कारखान्यानं पत्र पाठवलं. काम घेणाऱ्या सगळ्या लहान कंपन्यांची तपासणी होणार होती. पास झालं तर काम चालू, नाहीतर ते शिक्रापूरच्या दुसऱ्या कंपनीला. आमच्याकडं दुसरं काम नव्हतं. म्हणजे नापास झालं तर शेडला कुलूप, आणि चोवीस बायका पुन्हा बारा महिने रोजंदारी शोधत फिरणार. सुमनताई, आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, पत्र ऐकून एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमी शिकलेल्या हाय. काय ते नीट करा."

मी ते फार मनावर घेतलं. तपासणीच्या दिवशी सगळ्या जणी कशा शिस्तीत दिसल्या पाहिजेत! मी फर्मान काढलं, चोवीसच्या चोवीस बायका सकाळी आठच्या ठोक्याला हजर. सासू, म्हैस, लाईट काही चालणार नाही. आप्पांनी मान डोलावली. कॅलेंडर काढून घड्याळ उघडं केलं.

आणि खरंच, आठला पाच कमी असताना चोवीस बायका इस्त्रीच्या साड्यांत दारात उभ्या राहिल्या. मला भरून आलं. मग त्या आत आल्या, बारा जणी बसल्या आणि बारा जणी उभ्या राहिल्या.

बारा टेबलं, चोवीस बायका. हे गणित मला पहिलीत जमलं असतं. पण दहा महिन्यांत मी कधी रिकामं स्टूल पाहिलं नव्हतं आणि उभी बाईही पाहिली नव्हती, त्यामुळं टेबलं मोजावीत असं मला कधी सुचलंच नाही. आप्पा हातात खडू घेऊन बघत राहिले. "आयला! समद्या एकदम कवा आल्याच न्हाईत की गं."

तेवढ्यात दारात गाडी थांबली. साहेब आत आले तेव्हा चार जणी पालथ्या खोक्यांवर होत्या, दोघी दोघी एका स्टुलावर अर्ध्या अर्ध्या टेकलेल्या होत्या, कांताबाई आप्पांच्या खुर्चीत होती, आणि एक जण भिंगाच्या दिव्याशी उगीच उभी राहून त्याला फडक्यानं पुसत होती. साहेब बारीक अंगाचे, चष्मेवाले, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणारे. पण मांडी घालायला त्यांनाही जागा नव्हती. त्यांनी उभ्यानंच सुमनताईला विचारलं, "तुमची शिफ्ट किती वाजता सुरू होते?"

"ते म्हशीवर हाय सायेब."

मी डोळे मिटून घेतले. साहेब आप्पांकडं वळले. "उत्पादनाचं नियोजन कशावर करता? सॉफ्टवेअर आहे?"

"वायरमन हाय."

साहेबांनी ते टाईप केलं. बहुतेक तसंच्या तसं केलं. "तुम्ही आजारी पडलात तर इथलं कोण बघतं?"

"मी आजारी पडत न्हाई."

"समजा पडलात."

"समजा कशाला? तब्येत बरी हाय माझी."

"अहो, उदाहरणार्थ विचारतोय. उद्या तुम्ही नसलात तर?"

"सायेब, सकाळच्या पारी असं वंगाळ बोलू नका," आप्पा म्हणाले, आणि ते खरंच दुखावले होते.

आठ दिवसांनी शेरे आले. बसायला जागा अपुरी. कामगारांच्या वेळा अनिश्चित. सर्व काही मालकावर अवलंबून, मालकाच्या गैरहजेरीत पर्यायी व्यवस्था नाही. सुधारणेला एक महिना, मग शेवटची तपासणी.

माझ्यामुळं झालं, म्हणून मी दुप्पट जोरानं लागले. दोन पक्क्या पाळ्या, हजेरीचं यंत्र, वेळेत न येणारीला समज, असा तक्ता करून मी आप्पांपुढं ठेवला. मला वाटलं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "कर. एक आठवडा करून बघ."

त्या आठवड्यात बायका वेळेवर आल्या, हे मी आजही अभिमानानं सांगते. पण त्या वेळेवर जायलाही लागल्या. बारा वाजले की सीलमध्ये अर्धी शिरलेली कात्री तशीच ठेवून बाई उठायची. लाईट दिवसाची होती, त्यामुळं ज्या बसलेल्या असायच्या त्यांचं निम्मं लक्ष रानातल्या पाटाकडं. मंगळवारी मी बाद केलेले वाकडे तुकडे एका खोक्यात मावेनात. बुधवारी कांताबाईची म्हैस व्यायली आणि कांताबाई घरी नव्हती, ती माझ्या तक्त्याप्रमाणं टेबलाशी बसून रडत होती. आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, "मॅडम, किती वाजलं?" दहा महिन्यांत हा प्रश्न मला तिथं कुणी विचारला नव्हता. शुक्रवारी मी स्वतःच कॅलेंडर पुन्हा घड्याळावर अडकवलं.

आप्पांनी ते बघितलं. चहाचा कप माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "मी बी केलंय हे. पहिल्या वर्षी हितं घंटा लावली हुती, पितळंची. कांद्याच्या लागणीला एक बाई येईना. घंटा वाजवून वाजवून माझा हात दुखला. शेड बंद करायची पाळी आली. तवा ह्या सुमननं सांगितलं, आप्पा, आमी येतो, पर आमच्या वक्ताला येतो. लोकं म्हनत्यात आप्पा लई सवलत देतो. मी कुठं दिली? त्यांनी मला दिली, म्हून शेड चालली."

मग लिंबाचं झाड, चार मिनिटं, आठ तास? ते खरं की हे? आप्पा म्हणाले, "ते बी खरं हाय. पर त्यात मी शाना दिसतो, म्हून ते आधी सांगतो."

त्या दिवशी मला हा माणूस मनापासून आवडला. मी तक्ता फाडला आणि नवीन कागद लिहायला घेतला. सावड साहेबांच्या भाषेत कशी सांगावी, यावर मी चार दिवस डोकं घातलं. प्रत्येक टेबलाला दोन प्रशिक्षित कामगार. एक गैरहजर तर दुसरी हजर. अडचणीची पूर्वसूचना आठवडाभर आधी, लेखी. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मोठ्या कारखान्यातही इतकी सोय नसेल. तिसऱ्या शेऱ्यावर मात्र अडलं. मालकाच्या जागी कोण?

"तुझं नाव लिव," आप्पा म्हणाले. "लिवायला काय जातंय? मी कुठं जानार हाय?"

तपासणीची तारीख आली, गुरुवार. आणि त्याच्या आदल्या सोमवारी वडिलांचा फोन आला. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, दौंडलाच, गुरुवारी सकाळी नऊला. "तू यायची गरज नाही. मी समर्थ आहे," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "डॉक्टर म्हणतात सहीला आणि जवळ बसायला एक माणूस लागतं. बघू कुणीतरी." आमचं दौंडला कुणीतरी असं कुणी नव्हतं. तारीख पुढं ढकला म्हणावं, तर वडिलांनी आयुष्यात गाडी कधी पुढं ढकलली नव्हती.

मी फळ्यावर काही लिहिलं नाही. काय तोंडानं लिहिणार? साहेबांशी बोलणारी मी, कागद लिहिणारी मी, आणि मागच्या वेळी घोळ घालणारीही मीच. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी शेडमागच्या नळावर तोंड धूत होते. बराच वेळ धूत होते, म्हणून सुमनताई बघायला आली. तिनं दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं.

मी आत आले तेव्हा आप्पा फळ्यासमोर वाकून उभे होते. माझ्या नावापुढं त्यांनी लिहिलं होतं, 'गुरु - वडिलांचं ऑपरेशन.' आणि त्यापुढं, जिथं सावड कोण करणार ते लिहायचं असतं, तिथं लिहिलं, 'आप्पा.'

"हे काय?"

"सावड. तुझ्या जागी मी दौंडला जातो. माझ्या जागी तू हितं बस."

"आप्पा, उद्या तपासणी आहे! तुम्ही मालक आहात!"

"मागल्या टायमाला मालक बोलला तर काय झालं, बघितलंस न्हवं? सायबाशी बोलायला तू पायजेस. दवाखान्यात नुसतं बसायचंय. तेवढं मला जमतं."

"पण तुम्ही नाही म्हटल्यावर ते नापास करतील."

"आन् तू हितं बसून ध्यान तिकडं, तर पास करतील व्हय?" मग त्यांचा आवाज उतरला. "वर्सभरात एकदा तुझा रकाना भरला. कोरा ठेवू नगंस आता."

मी रडले. बारा टेबलांसमोर रडले. कुणी किती वाजले ते विचारलं नाही.

गुरुवारी दहाला साहेब आले. बारा टेबलं, बारा बायका, जागाच जागा. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "मालक कुठायत?"

"दौंडला गेलेत. दवाखान्यात."

"आजारी पडले?" साहेबांच्या आवाजात थोडा आनंद होता, असं मला वाटलं.

"नाही. माझ्या वडिलांचं ऑपरेशन आहे, त्यांच्याजवळ बसायला गेलेत. मी इथं त्यांच्या जागी आहे आणि ते तिथं माझ्या जागी."

त्यांचा विश्वास बसला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही, माझाही अजून बसत नव्हता. त्यांनी आप्पांना फोन लावला. शेड शांत होती, त्यामुळं पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"सायेब, हळू बोला. आत ऑपरेशन चाललंय. काय ते तिला इचारा. आज मी मालक न्हाई." आणि फोन बंद झाला.

साहेबांनी माझा कागद वाचला. मग फळा वाचला, अगदी कांताबाईनं त्याही आठवड्यात लिहिलेल्या सासूच्या भांडणापर्यंत, आणि अननसाकडंही एकदा बघून घेतलं. बारा वाजायच्या सुमाराला बदली सुरू झाली. घंटा नाही, हाक नाही. कुणी बाराला दहा कमी असताना आली, कुणी बारा वाजून गेल्यावर. आलेली बाई जोडीदारणीच्या खांद्याला हात लावायची, ती हातातला तुकडा पुरा करून उठायची, कात्री हातातून हातात जायची आणि स्टूल रिकामं राहायचं नाही. साहेब मनगटावरचं घड्याळ बघत होते, मग त्यांनी ते बघणं सोडलं.

"मालक नसताना तुम्ही. ठीक आहे," ते म्हणाले. "आणि तुम्ही नसताना?"

हे मी लिहिलंच नव्हतं. माझ्या तोंडातून निघालं, "सुमनताई."

"आन् मी नसले की कांता," सुमनताई मान वर न करता म्हणाली. "कांता नसली तर मग मातुर सायेब तुमालाच बसावं लागंल."

साहेब हसले. त्यांना हसताना बघून बायकाही हसल्या.

सहाला शेडला कुलूप लावून मी निघाले आणि आठला दौंडला पोचले. वडील खाटेवर निजलेले, आप्पा शेजारच्या स्टुलावर, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चालू. "सहाला येतो म्हणाले आणि सहा वाजून बारा मिनिटांनी आले!" वडिलांनी मला बघितल्या बघितल्या तक्रार केली.

"वाटंत उसाच्या गाड्या हुत्या," आप्पा म्हणाले. "आन् मी फोन करून सांगितलं हुतं, बारा मिन्टं उशीर हाय."

"सांगितलं होतं, हे खरं," वडील म्हणाले. "म्हणून तर चहा दिला."

नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं. सहीच्या वेळी नातं विचारलं तर हे गृहस्थ 'सावड' म्हणाले होते. तसा रकाना नव्हता, म्हणून बाईंनी 'भाऊ' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, असू दे.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पास. शेरा एकच, घड्याळ दिसेल असं लावावं. आप्पांनी हुकूम पाळला, कॅलेंडर काढलं आणि घड्याळातले सेल काढून घेतले.

पुढं लग्न झालं, मी पुण्याला आले. निघताना आप्पांना विचारलं, "तुमची एक सावड माझ्यावर राहिलीय. कधी फेडू?"

"ऱ्हाऊ दे. सावड फिटली की मानूस फिरकत न्हाई."

आणि मागच्या महिन्यात, ती चौदा पानं आली त्याच आठवड्यात, आप्पांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तुझी एक सावड हाय बघ. मंगळवारी येतीस का?"

"काय झालं आप्पा? तब्येत?"

"ये तर."

मी धोरणातला अर्ज भरला. कारण काय लिहावं कळेना, 'इतर' वर खूण केली. तिघांनी मंजूर केल्यावर मंगळवारी पहाटे निघाले आणि सहाच्या आत कारेगावला पोचले. वाटेत नको ते विचार मनात येत होते. दार उघडं होतं, कुलूप सुमनताईनं काढलं होतं. फळ्यावर तळाला, माझं नाव असायचं तिथं, आप्पांचं नाव होतं. पहिल्यांदाच. त्यापुढं लिहिलं होतं, 'मंगळ - अडचण नाही. घरी बसणार.' आणि त्यापुढं माझं नाव.

"चार येळा पुसलं आन् चार येळा लिवलं," सुमनताई म्हणाली. "म्हनत हुते, कारन न्हाई तर लिवू कसं? आमी म्हनलं, लिवा तसंच."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. दहाला फोन वाजला. "समदं ठीक हाय का? ते मोठ्या सीलाचं खोकं..."

"आप्पा, आज तुम्ही मालक नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पुन्हा काही त्यांचा फोन आला नाही.

दिवसभर तुकडे तपासले, कांताबाईच्या सुनेचं भांडण ऐकलं, चहा प्याले. शेवटचं खोकं बांधून झालं तेव्हा मी माझं मनगटावरचं घड्याळ बघितलं. सहाला दहा कमी होते. मी पिशवी उचलली, किल्ली सुमनताईच्या हातात परत दिली.

"अजून दहा मिन्टं हायत की, मॅडम," ती म्हणाली.

"राहू देत," मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी निघाले.